कलबुर्गीहून दिल्ली किती लांब?

१८ नोव्हेंबर २०२० रोजी कलबुर्गीच्या विमानतळावरून पन्नास आसनांचे एम्ब्राएर विमान उडाले आणि दिल्लीला खेटून असलेल्या गाझियाबादजवळच्या हिंडन तळावर उतरले. स्टार एअर कंपनीची ही सेवा केंद्र सरकारच्या उडान योजनेतून सुरू झाली होती आणि प्रवासाला लागणारा वेळ होता सुमारे दोन तास वीस मिनिटे. त्याआधी कलबुर्गीकराला दिल्ली गाठायची तर कर्नाटक एक्स्प्रेससारख्या गाडीचा आधार होता. ही गाडी कलबुर्गी सोडल्यावर आधी पश्चिमेला सोलापूर-दौंडकडे वळते, मग अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ, इटारसी, भोपाळ असे करत दिल्ली गाठते. रुळांवरचे हे अंतर अठराशे किलोमीटरच्या वर भरते आणि पूर्ण दिवसापेक्षा जास्त वेळ गाडीत जातो.

विमानाला दौंडला जायचे कारण नाही. नकाशावर कलबुर्गी आणि हिंडन या दोन ठिपक्यांवर पट्टी ठेवली तर रेघ जवळजवळ सरळ उत्तरेला जाते. कलबुर्गीचा विमानतळ पूर्व रेखांश ७७ अंशांच्या किंचित अलीकडे आहे, हिंडन त्याच्या किंचित पलीकडे. ही रेघ बसवकल्याणवरून जाते, उदगीरच्या थोडी पश्चिमेकडून लातूर जिल्हा ओलांडते, पूर्णा जंक्शनवर येते, हिंगोली आणि वाशीम उजव्या हाताला ठेवते, अकोल्याच्या जराशी पूर्वेकडून मेळघाटात शिरते. पुढे हरदा, सिहोर, गुना, बयाना आणि फरिदाबाद. कर्नाटकातून उत्तर प्रदेशात जाणाऱ्या या रेघेचे जवळजवळ पावणेचारशे किलोमीटर मराठवाड्याच्या आणि वऱ्हाडाच्या डोक्यावरून जातात.

रेघ अशी उत्तर-दक्षिण असल्याचा मोठा फायदा म्हणजे अंतर कोणालाही घरबसल्या काढता येते. कलबुर्गी विमानतळाचा अक्षांश साधारण १७ अंश १८ मिनिटे, हिंडनचा २८ अंश ४२ मिनिटे. वजाबाकी केली की ११ अंश २४ मिनिटे, म्हणजे ६८४ मिनिटे उरतात. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, आणि सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. गुणाकाराचे उत्तर येते १२६७ किलोमीटर. पृथ्वीचा चपटेपणा आणि रेघेचा हलकासा तिरपेपणा धरून काटेकोर हिशेब केला तरी आकडा १२६५ च्या आसपासच राहतो. जगभरातले वैमानिक आणि खलाशी आजही सागरी मैल वापरतात त्याचे कारण हेच: नकाशाच्या कडेवरचे अंश-मिनिटे हीच त्यांची मोजपट्टी.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी बिदर-कलबुर्गी भागातल्या शाळांच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असायला हवी होती. जवळजवळ हीच रेघ, जवळजवळ याच लांबीची, दोनशे वर्षांपूर्वी जमिनीवरून पावलापावलाने मोजली गेली आणि त्या मापावरून पृथ्वीचा आकार ठरवला गेला.

विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी पहिली पायारेषा मोजायला घेतली. पुढे यातूनच भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण उभे राहिले. पद्धत सांगायला सोपी, करायला भयंकर कष्टाची. सपाट मैदानात काही मैलांची एक रेघ साखळीने अतिशय काळजीपूर्वक मोजायची. मग तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीवरचा झेंडा पाहून कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन माहीत झाले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्या बाजूवर पुढचा त्रिकोण रचायचा, त्यावर आणखी पुढचा. कोन मोजणाऱ्या मोठ्या थिओडोलाइटचे वजन सुमारे अर्धा टन होते आणि ते माणसांच्या खांद्यांवरून डोंगरमाथ्यांवर चढवावे लागे.

त्रिकोणांच्या साखळीत चूक साचत जाते. म्हणून मधूनमधून पुन्हा जमिनीवर रेघ मोजून पडताळा घ्यावा लागतो. असा एक पडताळा लॅम्ब्टनने १८१५ मध्ये बिदरजवळ घेतला. बिदरचे पठार यासाठी नामी होते: लाल जांभ्याचे, विस्तीर्ण, नजर जाईल तिथवर सपाट. लॅम्ब्टन त्यानंतर उत्तरेकडे सरकत राहिला आणि नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. काम पुढे नेले जॉर्ज एव्हरेस्टने. १८४१ मध्ये, अँड्र्यू वॉ याच्या हातून, बिदरची पायारेषा नव्या आणि जास्त अचूक साधनांनी पुन्हा मोजली गेली.

एव्हरेस्टने १८४७ मध्ये या मापनावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच तीन अक्षांश आहेत. दक्षिणेचा अक्षांश १८ अंश ३ मिनिटे १५ सेकंद. हे ठिकाण बिदरजवळचे दामरगिडा. मधला सिरोंजजवळच्या कल्याणपूरचा. उत्तरेचा २९ अंश ३० मिनिटे ४८ सेकंद, मुजफ्फरनगरकडच्या कलियानाचा. दक्षिण आणि उत्तर टोकांतली वजाबाकी येते ११ अंश २७ मिनिटे ३३ सेकंद, म्हणजे सुमारे १२६९ किलोमीटर. कलबुर्गी ते हिंडन या विमानमार्गाशेजारी ही रेघ मांडली तर दोन्ही जवळजवळ समांतर धावतात, मध्ये सरासरी पन्नासेक किलोमीटरचे अंतर ठेवून, आणि लांबीत फरक पडतो चार-पाच किलोमीटरचा. जे अंतर कापायला विमानाला सव्वादोन तास लागतात, ते मोजायला माणसांच्या दोन पिढ्या खपल्या. जंगलातल्या तापाने त्यांतले कितीतरी लोक दगावले.

या मापनाच्या तोवर झालेल्या भागाच्या आधारे एव्हरेस्टने १८३० मध्येच पृथ्वीचे एक गणिती रूप निश्चित केले. ध्रुवांकडे किंचित चपटा असा हा गोल भारताच्या नकाशांचा पाया बनला आणि दीड शतकाहून अधिक काळ टिकला. विमानवाहतुकीला मात्र एकेका देशाचा वेगळा गोल चालत नाही. उपग्रहावरून स्थान सांगणारी यंत्रणा आली तेव्हा सगळ्या जगाने एकच गोल मानावा असे ठरले. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने १ जानेवारी १९९८ पासून डब्ल्यूजीएस-८४ हे मापन सर्वांना लागू केले. एव्हरेस्टने धरलेली पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या आणि आजची त्रिज्या यांत फरक आहे सुमारे ८६० मीटरचा. बैलगाडी, साखळी आणि दिव्यांच्या उजेडावर केलेल्या कामातली ही चूक साडेसात हजारांत एक एवढीच भरते. या कामापुढे मान लवते.

तर अंतर ठरले: १२६५ किलोमीटर. एम्ब्राएर-१४५ हे विमान उंचीवर ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. भागाकार केला तर एक तास पस्तीस मिनिटे यायला हवीत. वेळापत्रकात दोन तास वीस मिनिटे का लिहिलेली होती?

पहिले कारण असे की तिकिटावरची वेळ हवेतली नसते. चाकांखालचे अडसर काढून विमान जागेवरून हलले की घड्याळ सुरू होते आणि पलीकडे जागेवर उभे राहून पुन्हा अडसर लागले की थांबते. विमान कंपन्यांत याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत चालत जाणे, उड्डाणाच्या परवानगीची वाट पाहणे, उतरल्यावर थांब्यापर्यंत जाणे हे सगळे त्यात येते. कलबुर्गीची ३१७५ मीटरची धावपट्टी मोकळी असते, तिथे हे पाच-सात मिनिटांत आटोपते. हिंडन हा हवाई दलाचा तळ आहे आणि त्याला लागून दिल्लीचे देशातले सर्वांत गजबजलेले आकाश आहे. तिथे विमानाला रांगेत यावे लागते, कधी थोडे वळसे घालत थांबावे लागते. कंपनी वेळापत्रक आखताना या अडचणींची मिनिटे आधीच धरून ठेवते. म्हणूनच कित्येकदा उशिरा सुटलेले विमानही वेळेवर पोहोचते.

दुसरे कारण चढ-उताराचे. उडाल्यावर पस्तीस हजार फुटांपर्यंत चढायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि तोवर दोनशे किलोमीटर मागे पडतात. म्हणजे कलबुर्गीहून निघालेले विमान पूर्णा जंक्शनवर येईपर्यंत चढतच असते. उतरणीचा वैमानिकांचा ठोकताळा असा, की दर हजार फुटांना तीन सागरी मैल ठेवायचे. पस्तीस हजार फुटांना १०५ सागरी मैल, सुमारे १९५ किलोमीटर. बयाना मागे पडले की इंजिनांचा आवाज उतरतो आणि कानात दडे बसू लागतात, ते यामुळे. पूर्ण वेगाचा टप्पा तेवढा पूर्णा ते बयाना.

बंगळुरूच्या प्रवासात हे आणखी ठळक दिसते. कलबुर्गी ते बंगळुरू विमानतळ हे हवाई अंतर सुमारे ४६० किलोमीटर. त्यातले दोनशेच्या आसपास चढण्यात जातात, जवळपास तितकेच उतरण्यात. सपाट उड्डाण फार थोडे उरते, म्हणून छोट्या पल्ल्याला विमाने फार उंच जातच नाहीत. तासा-सव्वातासाच्या या प्रवासात सरासरी वेग ताशी सव्वाचारशे किलोमीटरच्या घरात राहतो. हिंडनच्या प्रवासात तो ताशी साडेपाचशेजवळ जातो आणि सोळा तासांच्या अमेरिकावारीत आठशेच्या जवळ. ‘इतके किलोमीटर तर इतके तास’ हे त्रैराशिक विमानाला लावता येत नाही ते यामुळेच. अंतर दुप्पट झाले म्हणून वेळ दुप्पट होत नाही.

तिसरे कारण वाऱ्याचे, आणि ते सगळ्यांत रंगतदार आहे.

हिवाळ्यात उत्तर भारतावरून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा एक पट्टा वाहतो. ताशी दीडशे किलोमीटर हा वेग तिथे नवलाचा नाही. अहमदाबाद ते कोलकाता हे सुमारे १६२० किलोमीटर अंतर घ्या. विमानाचा हवेतला वेग ८०० आणि वारा १५० धरला, तर कोलकात्याला जाताना जमिनीवरचा वेग ९५० होतो आणि परत येताना ६५०. जाताना एक तास बेचाळीस मिनिटे, येताना अडीच तास. अंतर तेच आणि विमानही तेच, तरी पाऊण तासाचा फरक पडतो.

कलबुर्गी-हिंडन मार्गावर हाच वारा कुशीतून येतो. विमानाला तो पुढे ढकलत नाही, मागेही खेचत नाही, तो बाजूला सारू पाहतो. वैमानिक नाक थोडेसे पश्चिमेकडे वळवून ठेवतो आणि विमान तिरके राहून सरळ जाते. ताशी ८०० च्या विमानाला १५० चा आडवा वारा लागला तर पुढे जाण्याचा वेग उरतो ७८६. तोटा दीड-दोन मिनिटांचा, आणि तो जाता-येता दोन्हीकडे सारखाच. दक्षिणोत्तर मार्गाची वेळ वर्षभर बरीचशी स्थिर राहते ती यामुळे.

ही आकडेमोड कलबुर्गीच्या विमानतळावर रोज होते. वैमानिक घडवणारे शिक्षण तिथे चालते आणि शिकाऊ वैमानिकाला दूरच्या उड्डाणाआधी एक तक्ता हाताने भरावा लागतो. नकाशावर मार्गाची रेघ ओढायची, दर टप्प्याचे सागरी मैल मोजायचे, हवामान खात्याने दिलेला वारा लिहायचा, मग गोल सरकपट्टीवर चकती फिरवून नाक कोणत्या अंशावर ठेवायचे ते काढायचे, त्यावरून जमिनीवरचा वेग, त्यावरून मिनिटे, मिनिटांवरून इंधन. शेवटच्या रकान्यात पोहोचण्याची अपेक्षित वेळ. उड्डाणात खालची नदी, रेल्वेचा फाटा, तलाव ओळखून प्रत्यक्ष वेळ त्याच्या शेजारी लिहायची. दोन रकान्यांत फरक पडला तर वारा बदललाय हे कळते. व्यावसायिक परवान्यासाठी वाटेत दोन निराळ्या विमानतळांवर उतरत किमान ३०० सागरी मैलांचे, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरचे उड्डाण एकट्याने करावे लागते. संगणक सगळे काही सेकंदांत सांगत असताना हे कशाला, असे वाटू शकते. पण ज्याने हा तक्ता एकदा हाताने भरला, त्याला पडद्यावरचा आकडा चुकला तर लगेच खटकतो. ही शिस्त सोडू नये.

वाऱ्यासाठी लांबचा रस्ता धरणे हा वेडेपणा वाटेल, पण एअर इंडियाने २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अगदी हेच केले. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर पश्चिमेला, अटलांटिकवरून जात होते. ते अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. नवा मार्ग पूर्वेला, प्रशांत महासागरावरून आखला गेला. तो १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे चौदाशे किलोमीटरने लांब. तरीही पाठीवर वारा घेऊन विमान साडेचौदा तासांच्या आसपास पोहोचले, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. जाताना पूर्वेकडून, येतानाही पूर्वेकडेच उडत अटलांटिकवरून. दर फेरीला विमान पृथ्वीप्रदक्षिणा घालत होते.

अमेरिकेची गोष्ट निघालीच आहे तर दिशेबद्दल बोलायला हवे. उदगीर, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातली कितीतरी मुले-मुली आज शिकागो, डॅलस, न्यू जर्सीत आहेत आणि त्यांच्या आईवडिलांच्या मनातली अमेरिका पश्चिमेला आहे: अरबी समुद्र, आफ्रिका किंवा युरोप, मग अटलांटिक. भिंतीवरचा नकाशा तसे सांगतो. शाळेतला पृथ्वीगोल घ्या, हैदराबाद आणि शिकागो यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. दोरा पश्चिमेला जाणारच नाही. तो उत्तरेकडे, किंचितसा पश्चिमेला झुकून निघेल, मध्य आशिया आणि रशिया ओलांडून उत्तर ध्रुवापासून अकरा अंशांवर, ७९ अक्षांशापर्यंत चढेल आणि मग ग्रीनलंडच्या बाजूने कॅनडात उतरेल. हेच दोन ठिकाणांमधले खरे कमीत कमी अंतर: सुमारे १३,२८० किलोमीटर. कलबुर्गीच्या माणसाने दिल्लीकडे तोंड केले की शिकागोकडेही जवळजवळ तोंड झालेले असते.

१५ जानेवारी २०२१ रोजी एअर इंडियाने हैदराबाद-शिकागो थेट सेवा सुरू केली तेव्हा बिदर-कलबुर्गीकरांसाठी अमेरिका पहिल्यांदाच एका विमानाच्या अंतरावर आली. त्याच आठवड्यात, ११ जानेवारीच्या पहाटे, सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले विमान उत्तर ध्रुवावरून येत बंगळुरूला उतरले होते. ते चालवणाऱ्या चारही वैमानिक स्त्रिया होत्या: झोया अगरवाल, पापागारी तन्मई, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास. १३,९९३ किलोमीटरचे हवाई अंतर आणि सतरा तासांच्या आसपास प्रवास. ध्रुवाजवळ होकायंत्राचा काटा भरवशाचा राहत नाही, अतिशय थंडीत इंधनाचे तापमान सांभाळावे लागते आणि संकटात उतरायला विमानतळ विरळ असतात. या सगळ्याची आगाऊ तयारी असल्याशिवाय तो मार्ग घेता येत नाही.

अशा लांब प्रवासात घड्याळ फसवते. समजा, हैदराबादहून जानेवारीत दुपारी एकला निघालेले विमान पावणेसतरा तास उडाले. शिकागोत उतरताना तिथल्या घड्याळात त्याच दिवशीचे संध्याकाळचे सव्वासहा वाजलेले दिसतील. कारण तिथले घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेदहा. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिकच छापलेल्या असतात. आजीआजोबांना पहिल्यांदा पाठवताना हा हिशेब घरातल्या कोणीतरी कागदावर मांडून द्यावा, म्हणजे ‘पाच तासांत अमेरिका?’ हा गोंधळ होत नाही आणि औषधांच्या वेळाही नीट लावता येतात.

सरळ रेघ मोडण्याचे आणखी एक कारण माणसांनी निर्माण केले आहे. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २०१९ च्या फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना जवळजवळ पूर्णपणे मिटले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर ते पुन्हा मिटले. दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना गुजरात आणि अरबी समुद्राकडून वळसा घ्यावा लागला. वेळ वाढला, इंधन वाढले, काही ठिकाणी वाटेत इंधनासाठी उतरण्याची पाळी आली. २०१९ च्या त्या काही महिन्यांत एकट्या एअर इंडियाचा तोटा ४९१ कोटी रुपये असल्याचे सरकारने संसदेत सांगितले होते. दोन विमानतळांमधले किलोमीटर एकानेही वाढले नव्हते.

कलबुर्गी-बिदरच्या या सीमाभागात मात्र हवाई किलोमीटरला भलतेच वजन आहे, अगदी कायद्याचे. हैदराबादचा शमशाबाद विमानतळ खासगी कंपनीकडे देताना करारात १५० किलोमीटर हवाई अंतराची अट घातली गेली: ठरावीक काळ त्या वर्तुळात दुसरा विमानतळ उभा राहू नये. बिदर ते शमशाबाद सरळ रेघेत सुमारे १२४ किलोमीटर. म्हणून बिदरची नागरी सेवा कितीतरी वर्षे रखडली आणि त्या कंपनीची संमती मिळाल्यावरच ७ फेब्रुवारी २०२० रोजी बंगळुरूचे पहिले विमान तिथे उतरले. कलबुर्गीचे अंतर आहे सुमारे १५७ किलोमीटर. वर्तुळाच्या सात किलोमीटर बाहेर. कलबुर्गीचा प्रकल्पही लांबलाच, २००८ मध्ये पायाभरणी झाली आणि २२ नोव्हेंबर २०१९ रोजी उद्घाटन, पण त्या उशिराची कारणे वेगळी होती.

उडान योजनेत तिकिटाची कमाल मर्यादाही याच अंतरावर ठरते. योजना आली तेव्हा तासाभराच्या, पाचशे किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला सुमारे अडीच हजार रुपये अशी मर्यादा होती आणि ती विमानातल्या काही ठरावीक जागांनाच लागू होती. कंपनीचा तोटा भरून देणारी मदत एका मार्गाला तीन वर्षे मिळते. त्यानंतर मार्ग आपल्या कमाईवर तगला पाहिजे. इथेच सीमाभागाचे दुखणे आहे. बिदरला पहिली सेवा देणारी कंपनी पुढे बंद पडली. जून २०२२ मध्ये दुसरी आली, २०२३ च्या अखेरीस तीही थांबली, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. कलबुर्गीलाही मार्ग सुरू होणे आणि थांबणे नवीन नाही. दिल्लीत उपचारासाठी, परीक्षेसाठी, न्यायालयाच्या तारखेसाठी जाणाऱ्याला अशा सेवेच्या भरवशावर बेत आखता येत नाही. गाणगापूरला दत्तदर्शनाला किंवा ख्वाजा बंदेनवाजांच्या उरुसाला दुरून येऊ इच्छिणाऱ्याचेही तेच.

विमान नसले की कलबुर्गीचा माणूस शमशाबादला जातो. सरळ रेघेत १५७ किलोमीटर, पण रस्त्याने सव्वादोनशेच्या वर. हैदराबादची रहदारी धरून पाच तास हाताशी ठेवावे लागतात, विमानाच्या आधी दोन तास पोहोचायचे ते वेगळेच. बंगळुरूला जायचे तर मार्च २०२४ पासून वंदे भारत एक्स्प्रेस आहे, ती पावणेनऊ तास घेते. विमान नसताना बंगळुरूसाठी तीच सोय चांगली आहे. दिल्लीला तसा पर्याय नाही.

हैदराबादच्या विमानतळापासून दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ हवाई अंतराने सुमारे १२६० किलोमीटरवर आहे. कलबुर्गीपासून हिंडन सुमारे १२६५. पृथ्वीच्या पाठीवर कलबुर्गी दिल्लीपासून हैदराबादइतकेच लांब आहे, आणि दोन्हीकडचा विमानप्रवास सव्वादोन तासांचाच भरतो. फरक आहे तो शमशाबादच्या रस्त्यातल्या पाच तासांचा आणि हैदराबादहून दिल्लीला दिवसभर विमाने सुटतात याचा. कलबुर्गीची ३१७५ मीटरची धावपट्टी मोठ्या जेट विमानांना पुरेशी आहे. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, वर्षभर न चुकता सुटणारे एक दिल्लीचे विमान या जिल्ह्यांना मिळालेच पाहिजे, आणि ते सुरू असेल तेव्हा कलबुर्गी, बिदर, उदगीर, अक्कलकोटकडच्या प्रवाशांनी हैदराबादचे तिकीट काढण्याआधी त्याची चौकशी जरूर करावी.